जुना भाव किती वेळ चालेल?

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. सकाळी सव्वानऊच्या सुमारास मामाचा फोन आला. "अगं, तुमचं ते भावाचं पान उघडंना. मघापासून नुसतं गोल गोल फिरतंय."

मामाचं शेत निफाड तालुक्यात. लाल कांदा काढून झालेला, ट्रॉली भरायची बाकी. आणि आदल्या दिवशीच्या तारखेने केंद्राची अधिसूचना निघाली होती: कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद. त्या सकाळी नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव थांबले, शेतकरी रस्त्यावर उतरले. ज्याच्या ट्रॉलीत माल होता त्याला एवढंच कळायला हवं होतं की आज लिलाव कुठे चालू आहे आणि काय दर निघतोय. लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. काढला की विकावा लागतो. म्हणजे ज्या दिवशी लोकांना आमची खरी गरज होती, नेमकं त्याच दिवशी आमचं पान गोल गोल फिरत होतं.

आम्ही चौघं नाशिकमध्ये बसून बाजारभावाचं एक छोटं संकेतस्थळ चालवतो. जँगो या पायथनच्या चौकटीत लिहिलेलं, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. ३८ बाजार समित्यांमधले आमचे वार्ताहर लिलाव झाला की फोनवरून आकडे भरतात: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. पानाच्या वरच्या भागात आजचे भाव, खाली पाच वर्षांचा आलेख. त्या दिवसापर्यंत आमच्याकडे कॅश, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर हाताशी ठेवून पुन्हा तेच द्यायची सोय, हा प्रकारच नव्हता. कोणीही पान उघडलं की सगळी माहिती डेटाबेसमधून नव्याने काढायची, आलेखासकट. रोजच्या गर्दीला ते पुरत होतं.

त्या सकाळी पुरलं नाही. सर्व्हरवर गुनिकॉर्न, म्हणजे आलेल्या विनंत्या जँगोकडे देणारा प्रोग्रॅम, आणि त्याचे चार वर्कर. चारही आलेखाच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, अडकले. ३० सेकंदांत वर्करने हालचाल केली नाही तर गुनिकॉर्न त्याला मारतं आणि नवा उभा करतं. नवा उभा राहिला की पहिल्याच विनंतीला तोही त्याच क्वेरीत अडकायचा. मी लॉगमध्ये त्या ओळी वर सरकताना बघत होते आणि मामा फोनवर "झालं का गं?" विचारत होता.

दुपारी आलेख काढून टाकला, तेव्हा पान उघडायला लागलं. संध्याकाळी शांतपणे बघितल्यावर लक्षात आलं की आलेखाच्या क्वेरीला समिती आणि तारीख या दोन्हींवर मिळून जो इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची, हवा होता तो कधी टाकलाच नव्हता. तो टाकल्यावर क्वेरी कितीतरी हलकी झाली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते सगळं त्यानंतरचं आहे. क्वेरीच वाकडी असेल तर तिच्यावर कॅश घालणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. आधी ओल कुठून येते ते बघावं.

इंडेक्सनंतर त्याच रात्री मी जँगोची स्वतःची कॅश चालू केली. पानाच्या फंक्शनवर एक ओळ लिहायची आणि पान किती मिनिटं साठवून ठेवायचं ते सांगायचं. मी १५ मिनिटं सांगितली. सेटिंगमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर जँगो त्याच प्रोसेसच्या, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमच्या, मेमरीत कॅश ठेवतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. साइट पळायला लागली. मी निवांत झोपले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येवल्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला.

"ताई, तुमच्या साइटवरचा भाव खरा कुठला समजायचा? एकदा उघडलं तर १७००, परत उघडलं तर १५००."

मी म्हटलं, "काका, फोन ठेवू नका, मी बघते."

फोन कानाला लावूनच मी पान उघडलं. १७००. पुन्हा उघडलं. १५००. पुन्हा १५००. मग १७००. समिती तीच, शेतमाल तोच, तारीख तीच.

"काल तुमचा १७०० बघून गाडी तिकडं नेली ताई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. "तिथं १५०० नं गेला. इथं जवळ दिला असता तर निदान भाडं वाचलं असतं."

"काका, चूक आमची आहे," एवढंच मला म्हणता आलं.

झालं असं होतं. चार वर्कर म्हणजे चार वेगळ्या प्रोसेस, आणि प्रत्येकाची कॅश त्याच्या स्वतःच्या मेमरीत. एकाची कॅश ११ वाजता भरली, दुसऱ्याची ११ वाजून १० मिनिटांनी. मधल्या वेळात वार्ताहराने नवा दर भरला. पहिला वर्कर अजून जुनाच आकडा धरून बसलेला, दुसऱ्याकडे नवा. पान कुठल्या वर्करच्या हाती पडेल त्यावर भाव ठरत होता. जँगोच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे की ही कॅश प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते. मी ते आधी वाचलेलंही होतं. पण वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मेमरी आणि वेग होता, येवल्याहून निघालेली गाडी नव्हती.

म्हणून सगळ्या वर्करना मिळून एकच कॅश हवी, हे ठरलं. ती कुठली, हे ठरवायला पुढचे दोन महिने लागले.

सुरुवात आम्ही चुकीच्या टोकाने केली. आमच्यातल्या धाकट्याने दोन दिवस बसून रेडिस आणि मेमकॅशडी या सगळ्यांना मिळून वापरता येणाऱ्या दोन कॅशच्या वेगाची मोजमापं केली. आकडे दोघांचेही आमच्या गरजेच्या कितीतरी पट वर होते. म्हणजे आमच्यापुरता त्या तुलनेला अर्थच नव्हता. दोघंही मेमरीतून वाचतात. वेळ जातो तो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाऊन येण्यात. आणि तिथे आमचाच कोड किती घोळ घालत होता ते तेव्हा दिसलं. मुख्य पानासाठी ३८ समित्या आणि प्रत्येकी तीन शेतमाल, असे ११४ वेगवेगळे निरोप कॅशकडे जात होते. जाऊन येण्याला अर्धा मिलिसेकंद धरला तरी ५७ मिलिसेकंद नुसते हेलपाट्यात. कॅशमधल्या प्रत्येक माहितीला (व्हॅल्यूला) एक नाव असतं, त्याला 'की' म्हणतात. दोन्हींमध्ये एकाच फेरीत अनेक की मागायची सोय आहे. ती वापरली आणि ११४ फेऱ्यांची एक झाली. कुठलीही कॅश निवडून जेवढा वेग मिळाला नसता तेवढा त्या एका बदलाने मिळाला.

मग मी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. हे जुनं दिसलं तर कोणाचं काय जातं? आणि हे पुसलं गेलं तर काय होतं? आमच्याकडे मेमरीत ठेवण्यासारखं जे जे होतं ते एकेक करून या दोन प्रश्नांखालून काढलं.

पाच वर्षांचा आलेख: दिवसभर जुना राहिला तरी कोणाचं काही जात नाही. पुसला गेला तर डेटाबेसला जरा ओझं, बाकी काही नाही. आजचा भाव: पुसला गेला तरी चालेल, डेटाबेसमध्ये आहेच. पण जुना दिसला तर गाडीभाडं जातं, आणि कधी कधी अख्ख्या ट्रॉलीचा सौदा. लॉगिनचा ओटीपी: पाच मिनिटांचं आयुष्य, पण त्या पाच मिनिटांत हरवला तर माणूस बाहेरच राहतो. आणि एसएमएसची रांग, म्हणजे "अमुक समितीत दर अमुकच्या वर गेला की मला कळवा" असं ज्यांनी सांगून ठेवलंय त्यांना जाणारे निरोप. ती हरवून अजिबात चालणार नव्हती, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. फळा भरल्यावर कळलं की ज्या चार गोष्टींना आम्ही सरसकट कॅश म्हणत होतो त्यातल्या दोनच खऱ्या अर्थाने कॅश होत्या.

मेमकॅशडी आधी लावून बघितलं. मला ते मनापासून आवडलं, आणि आजही कोणी फक्त कॅशच हवी म्हणून विचारलं तर मी त्याचंच नाव आधी घेते. ब्रॅड फिट्झपॅट्रिकने २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी ते लिहिलं आणि त्यानंतर मेमकॅशडीने आपलं काम कधी सोडलं नाही: की द्या, व्हॅल्यू घ्या, मेमरी भरली की बराच काळ न वापरलेलं काढून टाका. डिस्कवर काही लिहिणं नाही. बंद करून चालू केलं की पाटी कोरी. बसवायला पाच मिनिटं. अनेक थ्रेडवर चालतं, त्यामुळे मोठ्या मशीनचे सगळे कोअर वापरतं.

पण आमचं गाडं दोन ठिकाणी अडलं, आणि दोन्ही वेळा आधी काही कळलंच नाही.

पहिलं कीच्या नावांचं. आम्ही समितीचं नाव जसंच्या तसं मराठीत कीमध्ये टाकत होतो. मेमकॅशडीची की २५० बाइटपेक्षा मोठी चालत नाही आणि तिच्यात स्पेस चालत नाही. "पिंपळगाव बसवंत" या नावात स्पेस आहे, तिथे लगेच एरर आली. ती एक सोपी. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. "पिंपळगाव बसवंत" हे एवढंच नाव ४० बाइटचं होतं. त्यात शेतमाल, जात, प्रत, तारीख अशी सगळी मराठी नावं जोडली की २५० ची मर्यादा दिसायला लागते. आणखी एक गोष्ट तेव्हाच सापडली: काही वार्ताहर "विंचूर" लिहायचे, काही "विंचुर". माणसाला दोन्ही एकच. कॅशला दोन वेगळ्या की, म्हणजे दोन वेगळे भाव. हा दोष मेमकॅशडीचा नव्हता, कुठल्याही कॅशमध्ये हेच झालं असतं. त्या दिवशी आम्ही प्रत्येक समितीला आणि शेतमालाला क्रमांक दिले आणि कीमधली मराठी काढून टाकली. मराठी पानावर असावी, कीमध्ये आकडे असावेत.

दुसरं आलेखाचं. कॅश लावून आठवडा झाला तरी आलेखाची क्वेरी डेटाबेसवर दिसतच होती. एरर कुठेच नाही. मेमकॅशडीला आकडेवारी विचारली तर आलेखाच्या प्रत्येक मागणीला मिस, म्हणजे कॅशमध्ये सापडलं नाही. शोधता शोधता कळलं की सगळ्या समित्यांचा पाच वर्षांचा रोजचा दर एकत्र केला की तो डेटा १ एमबीच्या वर जातो, आणि मेमकॅशडीत एका वस्तूची मूळ मर्यादा १ एमबीच आहे. एवढी मोठी वस्तू ते घेत नाही. जँगोही मग ओरडत नाही, उलट त्या कीखाली जुनं काही राहू नये म्हणून ती की पुसून टाकतं. ते योग्यच करतं, पण आम्हाला काही कळत नव्हतं. मर्यादा वाढवता येते. आम्ही मात्र आलेखाचे समितीनिहाय तुकडे केले. नाही तरी बघणारा एका वेळी एकाच समितीचा आलेख बघतो. ते आधीच करायला हवं होतं.

या अडचणींमुळे आम्ही मेमकॅशडी सोडलं नाही. सोडलं ते दुसऱ्या दोन गोष्टींमुळे. एसएमएसची रांग तिथे ठेवताच येत नव्हती, आणि ती ठेवायला आणखी एक काहीतरी बसवावं लागणार होतं. शिवाय "आज सर्वाधिक दर कुठे" ही यादी. मेमकॅशडीत ती यादी अख्खी वाचायची, बदलायची, अख्खी परत लिहायची. लासलगाव आणि सोलापूरच्या वार्ताहरांनी एकाच क्षणी दर भरला तर एकाचा बदल दुसऱ्याच्या लिहिण्याखाली गडप. त्यावर मेमकॅशडीत उपाय आहे, पण जँगोच्या कॅशच्या पद्धतीतून तो हाताशी येत नाही. चौघांच्या टीमला दोन वेगळ्या गोष्टी सांभाळायच्या असतील तर त्यातली एक नेहमी दुर्लक्षित राहते. हे मला अनुभवाने माहीत होतं.

मग रेडिस. साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीतल्या प्रोग्रॅमरने २००९ मध्ये ते लिहिलं, संकेतस्थळावर येणाऱ्या लोकांची नोंद त्याच क्षणी दाखवणारी सेवा तो चालवत होता, तिच्यासाठी. त्यामुळे त्यात पहिल्यापासून याद्या आणि संच आहेत, पुढे क्रमवारीचे संचही आले. "सर्वाधिक दर" ची यादी क्रमवारीच्या संचात ठेवली की नवा दर टाकणं ही एकच आज्ञा. रेडिस आज्ञा एकामागून एक चालवतं, त्यामुळे दोघांनी एकदम टाकलं तरी एकाचं दुसऱ्याखाली जात नाही.

याच गुणाची दुसरी बाजूही चाचणीत दिसली. एक आज्ञा रेंगाळली की मागचे सगळे थांबतात. धाकट्याने एका समितीच्या सगळ्या की शोधून पुसायला "कीज" ही आज्ञा वापरली होती. ती अख्खी कॅश चाळते, आणि तोवर कोणालाच उत्तर नाही. थोडं थोडं चाळणारी "स्कॅन" वेगळी आहे. आम्ही तर शोधून पुसण्याची पद्धतच बंद केली. कुठल्या की आहेत हे आपल्याला आधीच माहीत असायला हवं.

आणि मग ओटीपी थांबला. चाचणीच्या सर्व्हरवर रेडिसला २५६ एमबी मेमरी ठरवून दिली होती. एका संध्याकाळी सहकारी म्हणाली, "मला लॉगिनच करता येत नाहीये." भाव दिसत होते, आलेख दिसत होते, ओटीपी मात्र नाही. लॉगमध्ये रेडिसचा निरोप होता की मेमरी भरली आहे, लिहिता येणार नाही. मेमरी भरल्यावर काय करायचं हे रेडिसला सांगावं लागतं. न सांगितल्यास त्याचा मूळ नियम "नोएव्हिक्शन" असा आहे: काहीही काढून टाकायचं नाही, नवीन लिहायला नकार द्यायचा. आलेखांनी सगळी जागा व्यापली आणि ओटीपीला दार बंद.

नियम बदलून "ऑलकीज-एलआरयू" केला असता, म्हणजे बराच काळ न वापरलेली कुठलीही की काढायला मुभा दिली असती, तर कॅश वाहती राहिली असती. पण त्याच मेमरीत एसएमएसची रांगही होती. रांग म्हणजे रेडिसच्या दृष्टीने एक कीच. जागा करताना तिचा नंबर लागला तर शेकडो लोकांचे निरोप एका झटक्यात नाहीसे, तेही काही न बोलता. फळ्यावरचा दुसरा प्रश्न इथे परत समोर आला. म्हणून दोन वेगळी रेडिस चालवायचं ठरलं. एक कॅशसाठी: एलआरयूचा नियम, डिस्कवर काहीही लिहायचं नाही, पुसलं गेलं तर गेलं. दुसरं रांग आणि ओटीपीसाठी: नोएव्हिक्शन, आणि प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी जोडत जायचा, दर सेकंदाला डिस्कवर पक्का. यात वीज गेली तर फार तर सेकंदभराचं काम जातं. ते आम्हाला चालणार होतं.

कॅशच्या रेडिसवर डिस्कवर प्रत घेणं बंद ठेवण्याला आणखी एक कारण होतं. प्रत घेताना रेडिस स्वतःची दुसरी प्रोसेस उभी करतं. त्या वेळात मेमरीचा जेवढा भाग बदलेल तेवढी मेमरी जादा लागते, अगदी वाईट वेळी दुप्पट. आमचं मशीन ४ जीबीचं. जी गोष्ट हरवून चालते तिच्यासाठी ही जोखीम घ्यायची नाही.

दोन्ही रेडिस फक्त आतल्या खासगी नेटवर्कवर ठेवले, पासवर्डसकट. २०१८ च्या फेब्रुवारीत गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर जो हल्ला झाला त्यात इंटरनेटवर उघडे पडलेले मेमकॅशडी सर्व्हरच वापरले होते, सेकंदाला १.३५ टेराबिट एवढा मारा झाला. ज्यांचे ते सर्व्हर होते त्यांना कदाचित पत्ताही नसेल. कॅश कुठलीही असो, तिचा पोर्ट बाहेर दिसता कामा नये.

आता राहिला मूळ प्रश्न, जुन्या भावाचा. एकच कॅश झाल्यामुळे दोन वर्कर दोन भाव दाखवणं थांबलं. पण १५ मिनिटं जुना भाव सगळ्यांना सारखाच जुना दिसला, तर त्या काकांना काय फरक पडणार होता? मुदत कमी करून एक मिनिट केली. तेव्हा नवीन दुखणं सुरू झालं. लिलावाच्या वेळी शेकडो लोक पान उघडून बसलेले असतात. मुदत संपली की त्या क्षणी जेवढे येतील त्या सगळ्यांना कॅश रिकामी दिसते आणि सगळे एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. दर मिनिटाला आठ डिसेंबरची छोटी आवृत्ती.

इथे आम्ही पद्धतच उलटी केली. वाचणाऱ्याने कॅश भरायची नाही, लिहिणाऱ्याने भरायची. वार्ताहराने दर भरला की डेटाबेसमध्ये नोंद पक्की होते, लगेच त्या समितीचा तक्ता नव्याने तयार होतो आणि जुन्याच्या जागी ठेवला जातो. मध्ये रिकामा क्षण नाही. मुदत सहा तासांची, तीही फक्त काही चुकलं तर आधार म्हणून, आणि प्रत्येक कीला थोडी मागेपुढे, म्हणजे सगळ्या एकदम संपणार नाहीत. तरीही कॅश रिकामी सापडलीच तर पहिला येणारा एक छोटी खूणगाठ ठेवतो, जी आधीच असेल तर दुसऱ्याला ठेवता येत नाही. ज्याची खूणगाठ लागली त्यानेच डेटाबेसकडे जायचं, बाकीच्यांनी पाव सेकंद थांबून पुन्हा बघायचं. मेमकॅशडीतही हे असंच करता येतं.

आणि एक गोष्ट जी कॅशच्या कुठल्याही पुस्तकी यादीत नसते: प्रत्येक भावाखाली आम्ही वेळ छापायला लागलो. "नोंद: सकाळी १०.४०". कॅशमधून कधी बाहेर आला ती वेळ नाही, वार्ताहराने भरला ती वेळ. आकड्यासोबत ती वेळही कॅशमध्ये जाते, वेगळी नाही. आमची सगळी व्यवस्था कोलमडली आणि जुना भाव दिसलाच, तरी तो जुना आहे हे बघणाऱ्याला कळेल. हे मला जानेवारीतच सुचायला हवं होतं.

मार्चच्या मध्याला सगळं खऱ्या सर्व्हरवर गेलं. आणि २० मार्चला बातमी आली की रेडिसची पुढची आवृत्ती, ७.४ पासून, बीएसडी या मोकळ्या परवान्याखाली नसेल. रेडिस भाड्याने चालवून देणाऱ्या मोठ्या क्लाऊड कंपन्यांसाठी ते बंधन होतं, आमच्यासारख्या वापरणाऱ्याला थेट त्रास नव्हता. आमच्याकडची ७.२ तर जुन्या परवान्याखालीच होती. आठ दिवसांत लिनक्स फाउंडेशनने व्हॅलकी जाहीर केला, म्हणजे रेडिस ७.२.४ चाच कोड घेऊन जुन्या मोकळ्या परवान्याखाली पुढे नेलेला प्रकल्प. चौघांत दोन मतं झाली. माझं म्हणणं होतं की अजून सवय होण्याआधीच जायचं, कारण पुढच्या दुरुस्त्या मोकळ्या परवान्याखाली जिथे (म्हणजे व्हॅलकीत) येत राहतील तिथेच छोट्या टीमने असावं. धाकट्याला घाई वाटत होती. शेवटी एप्रिलमध्ये व्हॅलकीची पहिली पक्की आवृत्ती आल्यावर एका रविवारी बदल केला. पोर्ट तोच ६३७९, आज्ञा त्याच, जँगोकडच्या सेटिंगमध्ये फक्त पत्ता बदलला. रांगेचा डेटाही तसाच उचलला गेला. पुढे २०२५ च्या मे महिन्यात रेडिस ८ साठी एजीपीएल हा मोकळा परवानाही देण्यात आला. पण तोवर आम्ही स्थिरावलो होतो, परत जायचं काही कारण नव्हतं.

४ मे २०२४, शनिवार. ३१ मार्चनंतरही लांबलेली निर्यातबंदी उठली. टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क, या अटींवर. मी सकाळी आठपासून स्क्रीनसमोर बसले होते. गर्दी वाढत गेली. दर भरला की तक्ता बदलायचा, आणि डेटाबेसची रेघ जवळजवळ सपाट. एसएमएसची रांग मात्र अकराच्या सुमारास वाढायला लागली, कारण निरोप पाठवणारा वर्कर आम्ही एकच ठेवला होता. दुसरा चालू केला, पाऊण तासात रांग ओसरली. एकही निरोप हरवला नाही. मी मोजून बघितले.

दुपारी मामाला मीच फोन केला. विचारलं, "पान उघडतंय का?"

"उघडतंय की. बघतोय ना." मग थोडा थांबून म्हणाला, "हे खाली १०.४० लिहिलंय, म्हणजे सकाळच्या लिलावाचा हा?"

"हो. दुपारचा अजून यायचाय."

"मग थांबतो. आता उन्हाळी कांदा आहे, चाळीत भरलाय. दुपारचा बघू, नाही तर सोमवारचा."